सागरी इशारा आणि सज्ज गाव

२६ डिसेंबर २००४ हा रविवार होता. भारतीय वेळेनुसार सकाळी साडेसहाच्या सुमारास इंडोनेशियातील सुमात्रा बेटाजवळ समुद्राच्या तळाशी ९.१ तीव्रतेचा भूकंप झाला. त्यातून उठलेल्या त्सुनामी लाटांना तामिळनाडूचा किनारा गाठण्यास दोन तासांहून अधिक अवधी लागला. या दोन तासांत किनाऱ्यावरील नित्याचे व्यवहार निर्वेधपणे चालू होते. लाटा आल्या तेव्हा एकट्या नागपट्टिणम जिल्ह्यात सहा हजारांवर माणसे मृत्युमुखी पडली. भारतात मृतांची संख्या दहा हजारांवर गेली, आणि हिंदी महासागराभोवतालच्या सर्व देशांत मिळून दोन लाखांहून अधिक लोकांचे प्राण गेले.

भूकंपाची नोंद जगातील अनेक वेधशाळांनी काही मिनिटांतच घेतली होती. तरीही हाती असलेले दोन तास वाया गेले. हिंदी महासागरासाठी त्सुनामीचा इशारा देणारी कोणतीही यंत्रणा त्या वेळी अस्तित्वात नव्हती, आणि लाट येत आहे असे सांगणारा कोणी असता तरी ते ऐकून नेमके काय करावयाचे याची कल्पना बहुतेक गावांना नव्हती.

पुदुचेरीजवळच्या नल्लवाडू या मच्छीमारांच्या गावात मात्र त्या दिवशी वेगळे घडले. या गावात एम. एस. स्वामिनाथन संशोधन प्रतिष्ठानाच्या साहाय्याने ग्राम ज्ञानकेंद्र चालविले जात होते. समुद्रातील लाटांची उंची, हवामान आणि अशीच उपयोगाची माहिती तेथून ध्वनिक्षेपकावर गावाला नियमितपणे ऐकविली जात असे. या गावातील एक तरुण नोकरीनिमित्त सिंगापूरला होता. त्याने दूरचित्रवाणीवर त्सुनामीची बातमी पाहिली आणि गावी दूरध्वनी केला. गावकऱ्यांनी ज्ञानकेंद्र उघडून त्याच ध्वनिक्षेपकावरून सर्वांना किनाऱ्यापासून दूर जाण्यास सांगितले. घरे पडली, होड्या आणि जाळी गेली. परंतु साडेतीन हजारांच्या आसपास वस्तीच्या या गावात प्राणहानी झाली नाही.

या घटनेत ध्वनिक्षेपकाचे महत्त्व उघड आहे. त्याहून महत्त्वाची गोष्ट ही की, तो ध्वनिक्षेपक गावाच्या रोजच्या ऐकण्यातला होता. त्यावरून येणारी माहिती खरी असते, हा अनुभव लोकांनी घेतलेला होता. म्हणूनच त्या सकाळी कोणी शंका काढीत बसले नाही. तज्ज्ञांच्या संस्था आणि गावे यांच्यातील संबंध कसा असावा, याचा धडा नल्लवाडूने घालून दिला आहे. संकटाच्या दिवशी उपयोगी पडते ते एरवीच्या दिवसांत वापरात असलेलेच.

इशारा केंद्राची उभारणी

२००४ च्या आपत्तीनंतर केंद्र शासनाने त्सुनामीचा इशारा देणारी स्वतंत्र यंत्रणा उभारण्याचे ठरविले. हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्राकडे, म्हणजेच ‘इन्कॉईस’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेकडे हे काम सोपविण्यात आले. ही संस्था १९९९ मध्ये स्थापन झाली असून ती पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या अखत्यारीत काम करते. तिच्या अंतर्गत भारतीय त्सुनामी पूर्वसूचना केंद्र ऑक्टोबर २००७ मध्ये सुरू झाले. २०११ पासून हे केंद्र ऑस्ट्रेलिया व इंडोनेशिया यांच्या बरोबरीने हिंदी महासागराच्या संपूर्ण प्रदेशाला माहिती पुरवीत आहे. केंद्राचे काम अहोरात्र चालते.

त्सुनामी ही वाऱ्याने उठणाऱ्या नेहमीच्या लाटांसारखी नसते. समुद्राच्या तळाचा मोठा भाग भूकंपामुळे एकाएकी वर उचलला गेला किंवा खाली खचला, की त्यावरील पाण्याचा सगळाच स्तंभ हलतो. खोल समुद्रात ही लाट ताशी सुमारे आठशे किलोमीटर वेगाने, म्हणजे जवळजवळ विमानाच्या गतीने जाते. परंतु तेथे तिची उंची इतकी थोडी असते की वरून जाणाऱ्या जहाजाला ती जाणवतही नाही. किनाऱ्याजवळ पाणी उथळ होत जाते तसा तिचा वेग मंदावतो आणि उंची वाढते. एकामागून एक अशा अनेक लाटा येतात. त्यांतील पहिली सर्वांत मोठी असतेच असे नाही.

हिंदी महासागरात अशी लाट उठविण्याची क्षमता असलेले दोन प्रमुख भूकंपप्रवण पट्टे आहेत. पहिला अंदमान-निकोबारपासून सुमात्रापर्यंतचा, आणि दुसरा अरबी समुद्राच्या उत्तरेला पाकिस्तान व इराणच्या किनाऱ्यालगतचा मकरान पट्टा. या पट्ट्यांत मोठा भूकंप झाला की भूकंपमापकांच्या जाळ्यावरून त्याचे स्थान, खोली व तीव्रता ठरविली जाते. निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळ्या तीव्रतेचे भूकंप झाल्यास लाट कोणत्या किनाऱ्यावर किती वेळात पोहोचेल आणि तिची उंची साधारण किती राहील, याची गणिते संगणकावर आगाऊच करून ठेवलेली आहेत. प्रत्यक्ष भूकंपाशी जुळणारे गणित त्यातून निवडून सुमारे दहा मिनिटांत पहिली सूचना दिली जाते.

यानंतर समुद्रात खरोखरच लाट उठली आहे काय, याची खात्री करावी लागते. त्यासाठी खोल समुद्राच्या तळाशी दाबमापक यंत्रे ठेवलेली आहेत. वरून जाणाऱ्या पाण्याच्या पातळीतील अल्पसा फरकही ती टिपतात आणि पृष्ठभागावरील तरंगत्या बोयामार्फत उपग्रहाद्वारे केंद्राला कळवितात. बंदरांतील भरतीमापकांचीही जोड त्यास असते.

येथेच केंद्र आणि किनाऱ्यावरील समाज यांचा पहिला संबंध येतो. खोल समुद्रातील बोया एकटे व निराधार असतात. त्यांच्या आसपास मासे जमतात म्हणून मासेमारी नौका तेथे येतात. त्यांना दोर बांधतात. कधी जाळी अडकली म्हणून तारा तोडल्या जातात, तर कधी सुटे भाग काढून नेले जातात. अशा नासधुशीमुळे नोंदी बंद पडल्याचा अनुभव शास्त्रज्ञांना वारंवार आला आहे. समुद्रावरील हा पहारेकरी आपल्याच घरासाठी जागत आहे, ही जाणीव मच्छीमार संस्थांमार्फत नौकेवरील प्रत्येक खलाशापर्यंत जाणे आवश्यक आहे. केंद्राने गावाला जपावयाचे असेल, तर गावानेही केंद्राचे डोळे जपले पाहिजेत.

इशाऱ्याची भाषा

केंद्राकडून दिल्या जाणाऱ्या सूचनेच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. सर्वांत वरची पायरी असेल तर किनाऱ्यालगतच्या लोकांनी तत्काळ सुरक्षित स्थळी जावयाचे असते. मधली पायरी असेल तर पुळण, बंदर व अगदी सखल भाग मोकळे करावयाचे असतात. खालच्या पायरीवर लोकांनी सावध राहून पुढील सूचनेची वाट पाहणे अपेक्षित असते. धोका टळल्यावर तसे स्वतंत्रपणे जाहीर केले जाते. ते जाहीर होईपर्यंत कोणीही किनाऱ्याकडे परतू नये.

सूचना देताना अंतराचा विचार केलेला असतो. ज्या भागात लाट तासाभराच्या आत पोहोचू शकते, तेथे समुद्रातील नोंदींची वाट पाहण्यास वेळच नसतो. म्हणून केवळ भूकंपाच्या माहितीवरून आणि आगाऊ केलेल्या गणितावरून तेथे वरच्या पायरीचा इशारा दिला जातो. दूरच्या किनाऱ्यांना आधी खालच्या पायरीची सूचना जाते आणि लाटेची खात्री झाल्यावर ती वाढविली जाते. विनाकारण धावपळ झाली तर पुढच्या वेळी लोक ऐकत नाहीत, हे लक्षात घेऊन ही दक्षता बाळगण्यात आली आहे.

या पद्धतीची कसोटी ११ एप्रिल २०१२ रोजी लागली. त्या दिवशी सुमात्राच्या पश्चिमेस ८.६ आणि त्यानंतर सुमारे दोन तासांनी ८.२ तीव्रतेचे भूकंप झाले. निकोबारमधील काही भागांना वरच्या पायरीचा आणि मुख्य भूमीवरील पूर्व किनाऱ्याला त्याहून खालच्या पायरीचा इशारा देण्यात आला. या भूकंपांत भूखंड प्रामुख्याने आडवे सरकले होते. समुद्रतळ फारसा वर-खाली झाला नसल्याने लहान लाटाच उठल्या आणि त्याच दिवशी इशारे मागे घेण्यात आले. केवळ तीव्रतेचा आकडा पाहून भाकीत करणे किती फसवे असते, आणि समुद्रातील प्रत्यक्ष नोंदी का लागतात, हे या प्रसंगाने दाखवून दिले.

केंद्राची मर्यादा

सूचना केंद्रातून निघून गृह मंत्रालय, राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण, तटरक्षक दल, राज्यांचे नियंत्रण कक्ष आणि किनारी जिल्ह्यांची प्रशासने यांच्याकडे जाते. जिल्ह्यातून तालुक्याला आणि तालुक्यातून गावाला ती पोहोचावी लागते. साखळीतील शेवटचा दुवा गावातच असतो आणि बहुधा तोच कच्चा राहतो. सूचना रात्री दोन वाजता आली तर ती कोण घेणार, ज्याच्या नावावर दूरध्वनी आहे तो परगावी असेल तर दुसरा कोण, वीज नसेल तर गावाला कसे कळविणार, अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांना कोण उचलणार, आणि लोकांनी घरातून बाहेर पडून कोणत्या वाटेने जावयाचे, या प्रश्नांची उत्तरे हैदराबादमध्ये बसलेला शास्त्रज्ञ देऊ शकत नाही. ती गावातच तयार व्हावी लागतात.

काही ठिकाणी तर केंद्राची सूचना येण्याइतकाही अवकाश नसतो. अंदमान-निकोबारमध्ये लाट वीस ते तीस मिनिटांत पोहोचू शकते. अशा ठिकाणी जमिनीचा दीर्घकाळ जाणवलेला जोराचा हादरा, समुद्राचे एकाएकी मागे हटणे किंवा त्याची चमत्कारिक गर्जना हाच इशारा समजावा लागतो. सुमात्राजवळचे सिमलुए बेट याचे उत्तम उदाहरण होय. १९०७ मध्ये या बेटाला त्सुनामीचा तडाखा बसला होता. तेव्हापासून ‘स्मोंग’ या एका शब्दाभोवती त्या आपत्तीची आठवण तेथील घराघरांत जपली गेली : मोठा भूकंप झाला आणि समुद्र ओसरला, तर डोंगराकडे पळावे. २००४ मध्ये हे बेट भूकंपाच्या केंद्रापासून अगदी जवळ होते. तरीही सुमारे पाऊण लाखाहून अधिक वस्तीच्या या बेटावर मृतांची संख्या सात एवढीच राहिली. त्यांच्यापाशी यंत्र नव्हते. आजी-आजोबांनी सांगितलेली एक गोष्ट होती.

ओडिशातील दोन गावे

शास्त्रीय सूचना आणि गावाची तयारी यांची सांगड घालण्यासाठी युनेस्कोच्या आंतरशासकीय महासागरशास्त्र आयोगाने ‘त्सुनामी सज्ज’ गावांचा कार्यक्रम आखला आहे. ठरावीक बारा निकष पूर्ण करणाऱ्या किनारी वस्तीस या कार्यक्रमाखाली मान्यता मिळते. भारतात या कामासाठी इन्कॉईसच्या संचालकांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय मंडळ स्थापन करण्यात आले असून राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण, गृह मंत्रालय व ओडिशा राज्य आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण यांचे प्रतिनिधी त्यावर आहेत. ऑगस्ट २०२० मध्ये ओडिशाच्या गंजाम जिल्ह्यातील वेंकटरायपूर आणि जगतसिंहपूर जिल्ह्यातील नोलियासाही या दोन गावांना ही मान्यता मिळाली. हिंदी महासागराच्या प्रदेशात अशी मान्यता मिळविणारा भारत हा पहिला देश ठरला. २०२४ पर्यंत ओडिशातील अशा गावांची संख्या २४ झाली.

ओडिशाने हे यश एकाएकी मिळविलेले नाही. २९ ऑक्टोबर १९९९ रोजी आलेल्या महाचक्रीवादळात त्या राज्यात सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. नोलियासाही ज्या एरसामा गटात आहे, त्याला सर्वाधिक झळ लागली होती. त्या आपत्तीनंतर दोन महिन्यांच्या आत राज्याने आपत्तींसाठी स्वतंत्र प्राधिकरण स्थापन केले. पुढील वर्षांत किनाऱ्यावर आठशेहून अधिक बहुउद्देशीय निवारे बांधण्यात आले. त्यांतील बरेचसे एरवी शाळा म्हणून वापरले जातात. २०१८ मध्ये सहा किनारी जिल्ह्यांत १२२ ठिकाणी भोंग्यांचे मनोरे उभे राहिले. ऑक्टोबर २०१३ मध्ये ‘फायलिन’ चक्रीवादळ गंजाम जिल्ह्यातील गोपाळपूरजवळ धडकले, त्यापूर्वी सुमारे दहा लाख लोकांना हलविण्यात आले होते. त्या वादळातील मृतांची संख्या काही डझनांवर राहिली. १९९९ च्या तुलनेत हा फरक डोळ्यांत भरण्यासारखा आहे.

वादळासाठी बांधलेले निवारे आणि नेमलेली पथके त्सुनामीच्या तयारीसही उपयोगी पडली. या दोन आपत्तींत मोठा फरक मात्र आहे. वादळाची चाहूल काही दिवस आधी लागते. त्सुनामीचा अवधी मिनिटांत व तासांत मोजावा लागतो. म्हणून वादळाच्या वेळी शासनाने येऊन हलवावे अशी वाट पाहणारे गाव त्सुनामीच्या वेळी वाट पाहू शकत नाही. त्याला स्वतःहून उठावे लागते.

बारा निकषांचा अर्थ

हे बारा निकष तीन गटांत मोडतात. पहिला गट धोक्याच्या ओळखीचा आहे. लाट कोठवर येऊ शकेल त्या क्षेत्राचा नकाशा तयार करणे, त्या क्षेत्रात राहणाऱ्या लोकांची मोजदाद करणे आणि गावात उपलब्ध असलेल्या आर्थिक, सामाजिक व इतर साधनांची नोंद करणे, या तीन गोष्टी त्यात येतात. यांपैकी पहिले काम तज्ज्ञांचे आहे. समुद्राच्या तळाचा उतार, किनाऱ्याची उंची व लाटेचे गणित यांवरून पूररेषा काढावी लागते. दुसरे आणि तिसरे काम गावाशिवाय कोणी करू शकत नाही. कोणत्या घरात गरोदर स्त्री आहे, कोणाला दिसत नाही, कोणाकडे ट्रॅक्टर आहे, ही माहिती अंगणवाडी सेविकेला आणि शेजाऱ्याला असते.

दुसरा गट पूर्वतयारीचा आहे. सर्वांना समजेल असा सुटकेच्या मार्गांचा नकाशा, रस्त्यांवर दिशादर्शक फलक, घरोघरी माहितीपत्रके, वर्षातून किमान तीन वेळा प्रबोधनाचे कार्यक्रम आणि दोन वर्षांतून किमान एकदा प्रत्यक्ष सराव, अशा पाच गोष्टी त्यात आहेत. यांपैकी सरावाचे महत्त्व विशेष आहे. कागदावर सरळ दिसणारी वाट प्रत्यक्षात कुंपणाने अडलेली असते. पूल अरुंद असतो. निवाऱ्याच्या कुलपाची किल्ली कोणाकडे आहे हे आठवत नाही. हे दोष सरावातच उघडे पडतात. हिंदी महासागराच्या भोवतालच्या देशांचा संयुक्त सराव २००९ पासून ठरावीक काळाने घेतला जातो. त्यात केंद्रापासून गावापर्यंतची सगळी साखळी तपासून पाहता येते.

तिसरा गट प्रत्यक्ष कृतीचा आहे. गावाचा मंजूर कृती आराखडा, तो अमलात आणण्याची क्षमता, अधिकृत सूचना रात्रंदिवस मिळण्याची सोय आणि ती रात्रंदिवस लोकांपर्यंत पोहोचविण्याची सोय, असे चार निकष त्यात आहेत. सूचना मिळण्याची आणि देण्याची साधने एकाहून अधिक असली पाहिजेत, असा आग्रह त्यात धरलेला आहे. भ्रमणध्वनी बंद पडला तर बिनतारी यंत्र, भोंगा वाजला नाही तर देवळाची घंटा, मशिदीचा ध्वनिक्षेपक किंवा दवंडी यांचा उपयोग करता आला पाहिजे.

या बारा गोष्टींपैकी केवळ तज्ज्ञांनीच करावयाच्या अशा फार थोड्या आहेत. बहुतेक गोष्टी पंचायत, शाळा आणि गावातील स्वयंसेवक यांच्या आवाक्यातील आहेत. तज्ज्ञ संस्थेचे काम नकाशा देण्याचे, प्रशिक्षकांना शिकविण्याचे आणि गावाने केलेली तयारी तपासण्याचे राहते. मान्यता ठरावीक मुदतीचीच असल्याने एकदा फलक लावून स्वस्थ बसता येत नाही. नव्या पंचायतीला, नव्या शिक्षकाला आणि मोठ्या होणाऱ्या मुलांना ते पुन्हा शिकवावे लागते.

कोकण किनाऱ्याचा विचार

त्सुनामी हा पूर्व किनाऱ्याचा प्रश्न आहे, असा समज महाराष्ट्रात पुष्कळ ठिकाणी आढळतो. २८ नोव्हेंबर १९४५ रोजी पहाटे मकरान पट्ट्यात ८.१ तीव्रतेचा भूकंप झाला. त्यातून उठलेली लाट सकाळी मुंबईच्या किनाऱ्यावर पोहोचली. तिची उंची सुमारे दोन मीटर होती, आणि मुंबईत सुमारे पंधरा जण वाहून गेल्याची नोंद आहे. ही घटना ऐंशी वर्षांपूर्वीची आहे. सिमलुए बेटाने आपली आठवण शंभर वर्षे जपली. मुंबईच्या किनाऱ्यावर ती दोन पिढ्यांतच पुसट झाली.

अशी लाट पुन्हा कधी येईल हे कोणीही सांगू शकत नाही, आणि तिची शक्यता चक्रीवादळ किंवा अतिवृष्टीच्या मानाने कितीतरी कमी आहे. तथापि ती आली तर कोकणची परिस्थिती कशी असेल, याचा विचार आजच करता येतो. मकरानहून मुंबईपर्यंत लाट येण्यास काही तास लागतात. एवढा अवधी पुरेसा आहे. मात्र तेथील भूकंपाचा हादरा कोकणातील माणसाला जाणवेलच असे नाही. अंदमानमधील रहिवाशाला जमीनच सावध करते. कोकणातील रहिवाशाला केंद्राच्या सूचनेवर विसंबून राहावे लागते. म्हणजे येथे सूचना पोहोचविणारी साखळी अधिक भक्कम हवी.

भूरचनेच्या दृष्टीने कोकण सुदैवी आहे. ओडिशाचा किनारा मैलोन्‌मैल सपाट असल्याने तेथे उंच निवाऱ्यांवाचून गत्यंतर नाही. रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांत मात्र पुष्कळ गावांच्या पाठीशीच टेकडी किंवा सडा आहे. पुळणीपासून सड्यावर जाणाऱ्या पाखाड्या जुन्या काळापासून आहेत. त्या झाडोऱ्याने बुजलेल्या असतील तर मोकळ्या करणे, तुटलेले चिरे बसविणे आणि वाट दाखविणारा फलक लावणे, एवढे केले तरी सुटकेचा मार्ग तयार होतो. खाडीकाठच्या वाड्या आणि पालघरकडील सखल किनारा यांची स्थिती वेगळी आहे. तेथे शाळा किंवा अन्य पक्क्या इमारतींच्या वरच्या मजल्यांचा विचार तज्ज्ञांच्या सल्ल्याने करावा लागेल. खाडीतून लाट आतवर शिरू शकते, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आले. हवामान खात्याचे इशारे आगाऊ मिळाले होते आणि किनाऱ्यावरील लोकांना हलविण्यात आले होते. वादळानंतर मात्र अनेक गावांचा वीजपुरवठा आणि दूरध्वनी संपर्क कित्येक दिवस बंद राहिला. नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या आणि रस्ते अडले. गावाचा जगाशी संबंध एकाच तारेवर किंवा एकाच मनोऱ्यावर अवलंबून असला तर काय होते, हे त्या वेळी रायगड आणि रत्नागिरी जिल्ह्यांतील गावांनी अनुभवले. एकाहून अधिक साधने असावीत, हा निकष कागदी नाही, हे यावरून समजून येईल.

रोजच्या ओळखीतून विश्वास

कोकणातील मच्छीमाराला इन्कॉईस ही संस्था अगदीच अनोळखी नाही. समुद्रात मासळी कोठे मिळण्याचा संभव आहे, याची माहिती ही संस्था उपग्रहाच्या साहाय्याने किनारपट्टीवरील भाषांतून, मराठीतूनही, पुरविते. लाटांची उंची, वारा आणि समुद्राची स्थिती यांचे अंदाजही तिच्याकडून प्रसिद्ध होतात. मच्छीमार सहकारी संस्थेच्या कार्यालयात किंवा जेटीवरील फळ्यावर हे अंदाज रोज लिहिले गेले, तर दुहेरी लाभ होईल. मासेमारीस जाणाऱ्यांना उपयोगाची माहिती मिळेल, आणि त्याच फळ्यावर एखाद्या दिवशी धोक्याची सूचना लिहिली गेली तर तिच्यावर विश्वास बसेल. नल्लवाडूच्या ध्वनिक्षेपकाचे रहस्य हेच होते.

आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ नुसार ग्रामपंचायतीचा अंतर्भाव स्थानिक प्राधिकरणांत होतो. आपल्या कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण मिळाले आहे आणि आपत्तीत लागणारी साधने वापरण्याजोग्या स्थितीत आहेत, हे पाहणे त्या कायद्याच्या कलम ४१ प्रमाणे तिचे कर्तव्य आहे. हे कर्तव्य पार पाडण्यास आरंभी मोठा खर्च लागत नाही. ग्रामसभेत गावाचा नकाशा मांडून धोक्याचे क्षेत्र, उंच जागा आणि तेथे जाणाऱ्या वाटा निश्चित करता येतील. सूचना घेणाऱ्या दोन व्यक्ती आणि त्यांचे दोन पर्यायी सहकारी नेमता येतील. पोलीस पाटील, आशा कार्यकर्त्या, अंगणवाडी सेविका आणि मच्छीमार संस्थेचे पदाधिकारी यांच्याकडे वाडीनिहाय घरे वाटून देता येतील. तालुका व जिल्हा पातळीवरील अधिकाऱ्यांनी या व्यक्तींची यादी आपल्या नियंत्रण कक्षात ठेवून वर्षातून दोनदा तरी प्रत्यक्ष दूरध्वनी करून पाहिली पाहिजे. यादीतील क्रमांक बदललेला आहे, हे संकटाच्या रात्री कळून उपयोग नाही.

शिक्षकांचे कार्य याहून दीर्घकाळ टिकणारे आहे. ५ नोव्हेंबर हा दिवस जागतिक त्सुनामी जागृती दिन म्हणून पाळला जातो. १८५४ मध्ये जपानमधील हिरो या गावात त्सुनामी आली असता हामागुची गोर्यो या गृहस्थाने भाताच्या पेंढ्या पेटवून अंधारात गावकऱ्यांना उंच जागेची वाट दाखविली. पुढे त्याने गावासाठी बांध घातला. १९४६ मध्ये पुन्हा त्सुनामी आली तेव्हा तो बांध गावाच्या उपयोगी पडला. या दिवशी शाळेने मुलांना घेऊन पुळणीपासून सड्यापर्यंत चालत जावे आणि किती मिनिटे लागतात ते घड्याळात पाहून लिहून ठेवावे. गावातील वृद्धांना मोठ्या उधाणांच्या आणि वादळांच्या आठवणी विचाराव्यात. त्या वेळी पाणी कोठवर आले होते, ते भिंतीवर खुणेने दाखवावे. अशी खूण मुले विसरत नाहीत, आणि घरी जाऊन ती आईवडिलांना सांगतात.

हैदराबादच्या केंद्रातील यंत्रे दिवस-रात्र समुद्राकडे लक्ष ठेवून आहेत. तेथून निघालेली सूचना दहा मिनिटांत मिळू शकेल. त्यानंतरचे घड्याळ गावाचे आहे. सड्यावर जाणारी पाखाडी मोकळी आहे काय आणि ती वाट चौथीतल्या मुलालाही ठाऊक आहे काय, हे ज्या गावाने आधी पाहून ठेवले असेल, त्याच गावाला त्या सूचनेचा उपयोग होईल.